बिल वॉल्शसारखे मॅचच्या आधीच पहिले प्ले कसे लिहून ठेवायचे

तुमची मुलं फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलच, पण अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढायची) खेळायला लागली आणि कोच मिळाला नाही म्हणून शिट्टी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हे तुमच्यासाठी. (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही हा खेळ आहे, तेव्हा हे खूळ काही कमी होणार नाही.) सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहत असाल तर तिथल्या फोर्टीनाइनर्स या फुटबॉल टीमचं नाव रोज कानावर पडतंच, त्या टीमला शून्यातून वर काढणारा कोच बिल वॉल्श, आणि त्याची एक सवय आपल्यालाही सहज उचलता येते. पहिले काही प्ले मॅचच्या आधीच कागदावर लिहून ठेवायचे, बस.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक प्ले, आणि दोन प्लेंच्या मधे थोडे सेकंद मिळतात. त्या सेकंदांतच कोचची फजिती होते. आईबाबा ओरडतायत, रेफरी घड्याळ बघतोय, पोरं तोंडाकडे बघतायत आणि डोक्यात एकच प्ले फिरतोय जो आत्ताच फसलाय.

सुरुवात प्लेपासून करू नका, आपल्या पोरांना काय जमतं तिथून करा. वॉल्श सिनसिनाटी बेंगॉल्स या ओहायोतल्या टीमकडे असिस्टंट कोच होता तेव्हा ग्रेग कुक नावाचा तोफेसारखा हात असलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) १९६९ मध्ये खांदा दुखावून बसला आणि १९७० मध्ये हाताशी उरला व्हर्जिल कार्टर, ज्याचा लांब थ्रो जेमतेम पण नेम चांगला आणि डोकं तल्लख. दुसरा कोणी असता तर रडत बसला असता, वॉल्शने मात्र मैदान आडवं वापरायला घेतलं, छोटे छोटे पास, क्वार्टरबॅक किती पावलं मागे जाणार आणि रिसीव्हर (पास झेलणारा) नेमका कुठे वळणार याचा ठोका जुळवलेला. पुढे जगाने ज्याला वेस्ट कोस्ट ऑफेन्स (छोट्या पासांची आक्रमणाची पद्धत) म्हटलं त्याचं मूळ हे, ओहायोत, अडचणीतून आलेलं. तर तुमच्या यादीतही आधी लिहा कोणाला पकडता येतं, कोण पळतो, कोणाला चेंडू आला की डोळे मिटायची सवय आहे.

मग प्ले लिहा, आणि मॅचच्या सकाळी नाही, एक-दोन दिवस आधी, घरी शांतपणे बसून. बेंगॉल्सचा हेड कोच पॉल ब्राउन वॉल्शला विचारायचा की पहिले काय खेळणार, तिथून ही सवय लागली. तेव्हा यादी चार-सहा प्लेंची होती, पुढे तो सॅन डिएगोच्या टीमकडे गेला तेव्हा पंधरा झाली, स्टॅनफर्ड विद्यापीठात वीस, आणि फोर्टीनाइनर्सकडे पंचवीस. तुम्ही सहाच लिहा, दहा वर्षांच्या पोरांना पंचवीस कुठून पाठ होणार.

आता खरा मुद्दा, जो बरेच लोक चुकवतात. त्यांना वाटतं की यादी म्हणजे सहा बेस्ट प्ले ओळीने. तसं नाही. पहिले प्ले हे समोरच्या डिफेन्सला विचारलेले प्रश्न असतात. आपण दोन पोरं उजवीकडे उभी केली तर त्यांचं कोण सरकतं? पळायचं नाटक केलं तर मागचा पोरगा पुढे धावत येतो का? एक यार्डही मिळाला नाही तरी उत्तर मिळालं की तो प्ले कामाचा. म्हणून साइडलाइनवर एकाला वही देऊन बसवा, त्याने चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त डिफेन्सकडे बघून लिहायचं.

उदाहरण म्हणून, पहिला प्ले एकदम छोटा पास, शक्यतो सगळ्यात घाबरलेल्या पोराला, म्हणजे त्याची भीती एकदाची जाते. दुसरा साधा हँडऑफ (चेंडू पळणाऱ्याच्या हातात देणं) उजवीकडे. तिसरा पुन्हा उजवीकडे पण वेगळ्या रचनेतून. चौथा दिसायला अगदी दुसऱ्यासारखा, पण हँडऑफ खोटा आणि पास पुढे धावत आलेल्या डिफेंडरच्या मागच्या जागेत, मात्र हा वहीत "पुढे धावत येतात" असं लिहिलं असेल तरच, नाहीतर उत्तरार्धासाठी ठेवा. पाचवा-सहावा तुमच्या मर्जीने, फक्त आतापर्यंत चेंडू न मिळालेलं पोर त्यात हवं.

यादीला चिकटून बसायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. वॉल्श गरज पडली की यादी सोडायचा आणि वेळ आली की परत यायचा, कारण बाकीच्या प्रसंगांच्या याद्या वेगळ्या होत्या, बरंच अंतर बाकी असताना काय, गोललाइनजवळ काय, शेवटच्या दोन मिनिटांत काय. तुम्ही कागदाच्या मागे तीन चौकोन आखले तरी पुष्कळ.

मॅचच्या आदल्या दिवशी पोरांना पहिले तीन प्ले सांगून टाका, सकाळी आल्या आल्या "मी काय करू" हा प्रश्न येत नाही. आणि फसलेल्या वेळचं काय करायचं तेही सरावात घ्या. १० जानेवारी १९८२ ला कँडलस्टिक पार्कवर डॅलस काउबॉइजविरुद्ध शेवटच्या मिनिटात जो प्ले चालला तो मॅचमध्ये आधीच एकदा फोर्टीनाइनर्सच्या फ्रेडी सॉलोमनला टचडाउन (चेंडू गोललाइनपार) देऊन गेला होता. या वेळी सॉलोमन घसरला, क्वार्टरबॅक जो मोंटाना उजवीकडे पळत राहिला आणि मागच्या रेषेजवळ ड्वाइट क्लार्कने उंच उडी मारून चेंडू घेतला, २८-२७. लोक त्याला चमत्कार म्हणतात, पण तो उंच थ्रो सरावात घोटलेला होता राव.

दोन मॅच हरलात म्हणून कागद फाडू नका. १९७९ च्या पहिल्या सीझनला वॉल्शचा हिशोब २ विजय, १४ पराभव. १९८० ला न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्ध हाफटाइमला ३५-७ मागे होते, ती मॅच ओव्हरटाइममध्ये ३८-३५ जिंकले. १९८१ चा सीझन संपला सुपर बोलने, म्हणजे लीगच्या फायनलने, आणि समोर कोण, तर तेच बेंगॉल्स, जिथे पॉल ब्राउनने १९७६ मध्ये निवृत्त होताना गादी वॉल्शला न देता दुसऱ्याला दिली होती. २६-२१. जानेवारी १९८९ ला वॉल्शच्या फोर्टीनाइनर्सबरोबरच्या शेवटच्या मॅचमध्ये परत बेंगॉल्सच, २०-१६. मला तर यात थोडा सूड दिसतोच.

आणि हो, वातावरण हलकं ठेवा. त्या पहिल्या सुपर बोलआधी वॉल्श हॉटेलात बेलबॉयचा ड्रेस घालून दारात उभा राहिला आणि खेळाडूंच्या बॅगा ओढायला लागला, मोंटानाशी तर बॅगेवरून ओढाताणच झाली. तुम्हाला एवढं करायला नको, पण हडलमध्ये (प्लेआधी पोरं गोल करून उभी राहतात तेव्हा) ओरडणं टाळा.

मॅच संपली की त्याच दिवशी वही आणि यादी शेजारी ठेवून प्रत्येक प्लेसमोर दोनच गोष्टी लिहा, डिफेन्सने काय केलं आणि आपल्या पोराला प्ले कळला होता का. किती यार्ड मिळाले ते शेवटी. ज्याच्यासमोर "कळला नव्हता" असेल तो पुढच्या यादीत टाकू नका, मंगळवारच्या सरावात टाका.