अकेशियाचा पातेरा थेट आळ्यात नको

फाल्गुन लागला की कोकणात पातेरा, म्हणजे झडलेला सुका पाला, गोळा करायची घाई सुरू होते. आंबा-काजूला आच्छादन हवं असतं आणि रस्त्याकडेला, सामाजिक वनीकरणाच्या जुन्या पट्ट्यांत अकेशियाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीचा, सडा साचलेला असतो. तो आणा, पण थेट झाडाखाली पसरू नका.

अकेशियाचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. जाड, चिवट, लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) यांनी भरलेला. पैसा किडा पान कुरतडतो, वाळवी ते फोडते, त्या चुऱ्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, मग गांडूळ तो मातीत ओढतं. टॅनिनचं तुरट पान या साखळीत पहिल्याच पायरीला अडतं. पावसाळा सरला तरी वरचा थर बराचसा तसाच, आणि खालच्या गांडुळांना खायला फारसं काही नाही. निलगिरीच्या पानात तर तेलही असतं.

झाड परदेशी म्हणून त्याचं पान वाईट, असं मात्र समजू नका. उंदीरमारी (गिरिपुष्प) मध्य अमेरिकेतली, पण तिचा कोवळा पाला नत्राने भरलेला आणि पावसात काही आठवड्यांत मातीत जिरणारा. उलट आपल्या सागाचं पानही सावकाशच कुजतं. पानाचा गुण पाहा.

आत्ता करायचं ते एवढंच: सावलीत खड्डा घ्या. अकेशियाचा पाला शक्य तितका चुरून वीतभर थर द्या, त्यावर शेणकाला शिंपडा, असे थर रचत जा. पाणी असेल तर आठवड्याला ओल द्या. उंदीरमारी या दिवसांत फुलावर असते, पानं झडलेली. तिची वाट पाहत बसू नका. जुलैत तिच्या फांद्या छाटून हा अर्धवट कुजलेला माल आणि तो हिरवा पाला एकत्र पसरा. थर तीन-चार इंचांचा पुरे. खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी खोडाला लागते. गांडूळखताच्या वाफ्यात ताजा अकेशिया किंवा निलगिरी मुळीच टाकू नका. खड्ड्यात कुजताना तयार झालेली उष्णता निघून गेल्यावरच घाला.

आणि पेटवू नका. आगीत वरच्या थरातले जीव मरतात, वणव्याची भीती वेगळीच. बागेभोवतीचा पाला ओढून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, मात्र आत्ताच स्वच्छ करा.

खात्री करायची असेल तर मृगाच्या पावसात कांद्याच्या जाळीच्या दोन पिशव्या घ्या. एकीत सुका अकेशिया, दुसरीत सुकवलेली उंदीरमारी, सारख्या वजनाने. मातीत चार बोटं खोल पुरा आणि गणपतीत काढून, सुकवून पुन्हा तोला. पिशवीखालची माती चाळून गांडुळं, पैसा किडे किती आहेत तेही पाहा. ज्या झाडाचं पान जसंच्या तसं निघेल, ते पुढच्या वर्षीही आधी खड्ड्यातच घाला.