दूध संकलनाचा डेटाबेस: टेबलं कशी पाडायची, बिलाची क्वेरी कशी लिहायची आणि नंतर सांभाळायचं कसं

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकताना कॉलेज, विद्यार्थी, विषय, मार्क हे उदाहरण सगळीकडे असतं, पण त्यात पैसा नसतो त्यामुळे चूक झाली तरी कोणाचं काही जात नाही, आणि मग तेच शिकून कोणी गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करायला घेतलं की पहिल्याच दहा दिवसांच्या बिलाला घोळ होतो. म्हणून इथे सरळ दूध संकलनच घेतो. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) मोजतात, दरपत्रकावरून दर निघतो, हातात पावती पडते, आणि 10, 20 आणि महिनाअखेर असं बिल निघतं ज्यातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपात होते. एवढंच आहे पण रिलेशनल डेटाबेसमधलं जवळजवळ सगळं महत्त्वाचं यात येऊन जातं.

डेटाबेस पोस्टग्रेस घ्या, फुकट आहे आणि हिशोबाच्या बाबतीत कडक आहे. एकच कॉम्प्युटर, एकच माणूस एंट्री करणार असेल तर एसक्यूलाइटही पुरतं, फक्त त्यात फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची) तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा नावाची सेटिंगची कमांड देऊन चालू करावी लागते हे लक्षात ठेवा. खाली टेबलांची नावं वाचायला सोपी म्हणून मराठीत लिहितोय, खऱ्या डेटाबेसमध्ये इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी नावं पोस्टग्रेसला चालतात पण नावाला 63 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे 21 चिन्हांनंतर नाव कापलं जातं.

पहिलं टेबल उत्पादक. इथे सगळे जण कोड नंबरलाच प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) करतात कारण डेअरीवर माणूस नावापेक्षा कोडनेच ओळखला जातो, 47 नंबर, 112 नंबर. पण असं करू नका. 47 नंबरवाल्याने जनावरं विकली, दूध बंद केलं, की वर्षभराने तोच 47 नंबर दुसऱ्याला देतात, आणि मग जुन्या माणसाचं सगळं दूध नव्या माणसाच्या नावावर दिसायला लागतं. म्हणून आयडी वेगळा, डेटाबेसने स्वतः दिलेला, ज्याचा बाहेर कोणाला पत्ता नाही, आणि कोड हा नुसता एक कॉलम. कोड एका वेळी एकाकडेच असला पाहिजे ना, त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये अर्धवट युनिक इंडेक्स (इंडेक्स म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, युनिक म्हणजे तीच किंमत दोनदा चालत नाही) करता येतो, म्हणजे कोड युनिक पण फक्त जिथे सक्रिय खरं आहे अशा ओळींपुरता. उत्पादक सोडून गेला तर ओळ डिलीट करायची नाही, सक्रिय खोटं करायचं. मोबाईल नंबरलाही की करू नका, एका घरात दोन खाती आणि नंबर एकच हे अगदी नेहमीचं आहे.

नावांबद्दल एक गोष्ट जी मराठीत काम करणाऱ्यांनाच लागते. गोऱ्हे, बऱ्हाटे अशी आडनावं दोन-तीन प्रकारे टाइप होतात, कोणाच्या कीबोर्डवर ऱ हे एकच चिन्ह असतं, कोणाच्या र आणि खाली नुक्ता असं येतं, तर कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकतं. स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं पण डेटाबेसला ते वेगळे शब्द वाटतात आणि सर्च केलं की माणूस सापडतच नाही. पोस्टग्रेस 13 पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, त्याने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी शोधायच्या नावाचा एक वेगळा कॉलम ठेवून त्यात तो जोडकवाला प्रकार ऱ आणि हलन्त असा बदलून साठवा आणि सर्च त्याच कॉलमवर करा.

आता मुख्य टेबल, संकलन. उत्पादक आयडी, तारीख, पाळी, जनावर म्हणजे गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. यातले आकडे न्यूमेरिक टाइपमध्ये ठेवा, जो दशांश जसाच्या तसा साठवतो, फ्लोटमध्ये अजिबात नको, तो जवळपासचा आकडा साठवतो. 7.3 लिटर गुणिले 36.45 दर म्हणजे बरोबर 266.085, न्यूमेरिक राउंड करून 266.09 देणार, पण फ्लोटमध्ये आत साठलेला आकडा 266.085 पेक्षा किंचित कमी आहे का जास्त यावर ते 266.08 होणार का 266.09 हे ठरतं. एक पैसाच आहे, पण पावती आणि बिल जुळलं नाही की माणसाचा विश्वास जातो, आणि तो पैसा त्याच्या कष्टाचा आहे. याच कारणाने राउंड कुठे करायचं तेही आधी ठरवा. उत्पादकाच्या हातात पाळीची पावती राउंड झालेल्या रकमेची जाते, म्हणून प्रत्येक ओळीची रक्कम राउंड करूनच साठवायची आणि बिल म्हणजे त्या रकमांची बेरीज. आधी बेरीज मग राउंड केलं तर पावत्या जोडून बघणाऱ्याला फरक सापडतोच.

दर संकलनाच्या ओळीत का ठेवायचा, तो तर दरपत्रकात आहे, मग ही पुनरावृत्ती नाही का आणि नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच ठिकाणी ठेवायचा नियम) मोडत नाही का, हा प्रश्न येतो आणि यायलाच पाहिजे. दरपत्रकातला दर म्हणजे आज काय भाव आहे, संकलनातला दर म्हणजे त्या पाळीला त्या माणसाला काय भाव लावला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुरुवातीला आकडा सारखा असतो एवढंच. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून सांगतात, तो बदलला की अख्खं दरपत्रक बदलतं, आणि तुम्ही दर जर जॉइन करून, म्हणजे दरपत्रकाच्या टेबलाशी जोडून, काढत असाल तर मागच्या महिन्याची बिलं आज पुन्हा छापल्यावर वेगळी येतील. दरपत्रकातही जुना दर खोडून नवा लिहायचा नाही, कधीपासून लागू हा कॉलम ठेवून नवीन ओळी टाकायच्या, आणि दर कधीकधी संध्याकाळच्या पाळीपासून बदलतो म्हणून तारखेबरोबर पाळी पण. एंट्री करताना त्या तारखेच्या आणि पाळीच्या आधीची किंवा तीच, सगळ्यात अलीकडची ओळ घ्यायची, म्हणजे लागू तारीख आणि पाळी यांनी उतरता ऑर्डर आणि लिमिट 1.

चुकीची एंट्री स्क्रीनवर अडवली की झालं असं समजू नका, उद्या दुसरं ॲप येईल, कोणी एक्सेलमधून थेट भरेल, मशीनमधून आपोआप डेटा येईल, म्हणून नियम डेटाबेसमध्येच पाहिजेत. 3.5 ऐवजी 35 फॅट टाइप होतं, त्याला चेक म्हणजे किमतीची अट लावा, 2 ते 12 मध्येच असलं पाहिजे असं काहीतरी तुमच्याकडच्या दुधाप्रमाणे. आणि चेकबरोबर नॉट नल (रिकामं चालणार नाही) पण लावा, कारण रिकाम्या किमतीला चेक अडवत नाही, फॅट भरलंच नाही तरी ओळ आत जाते. उत्पादक, तारीख, पाळी, जनावर या चौघांवर मिळून युनिक लावा म्हणजे एकाच पाळीची डबल एंट्री होणार नाही (एकच माणूस दोन कॅन वेगवेगळे मोजून घेत असेल तर कॅन क्रमांक पण त्यात घ्या). फॉरेन की लावाच, आणि पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स करत नाही, कपातीसारख्या टेबलात तो तुम्हाला करावा लागतो.

आता बिलाची क्वेरी, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकतात. एका माणसाच्या दहा दिवसांत 20 पाळ्या, आणि कपातीच्या 3 ओळी, पेंड, ॲडव्हान्स, औषध. नवशिका काय करतो, उत्पादकाला संकलन जॉइन करतो, त्यालाच पुढे कपात जॉइन करतो आणि दोन्हीची सम घेतो. जॉइन म्हणजे प्रत्येक जुळणीची एक ओळ, 20 गुणिले 3 म्हणजे 60 ओळी तयार होतात, दुधाची रक्कम तिप्पट आणि कपात वीसपट येते. एरर काही येत नाही, आकडा फक्त चुकीचा येतो, आणि ज्यांची कपात एकच आहे त्यांचं दूध बरोबर दिसतं त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. डिस्टिंक्ट टाकून दुरुस्त करायला जाऊ नका, दोन पाळ्यांची रक्कम योगायोगाने सारखी असली की त्यातली एक गायब होईल. बरोबर पद्धत अशी की विथ (छोट्या क्वेरीच्या निकालाला तात्पुरतं नाव देणं) वापरून आधी संकलनाची बेरीज उत्पादकाप्रमाणे ग्रुप बाय करून घ्या, कपातीची वेगळी घ्या, आता दोन्हीकडे माणशी एकच ओळ उरली, मग ते दोन जोडा.

जोडताना लेफ्ट जॉइन (जुळणी नसली तरी डावीकडची प्रत्येक ओळ राहते), कारण कपात नसलेला माणूस बिलातून गळता कामा नये, आणि कपातीला कोअलेस लावून रिकाम्याच्या जागी शून्य, नाहीतर रक्कम वजा रिकामं म्हणजे रिकामंच येतं आणि बिल कोरं छापतं. पुढे एक सापळा आहे. या दहा दिवसांत कोणी दूध घातलंच नाही ते बघायला उत्पादकापासून संकलनाला लेफ्ट जॉइन केलं आणि तारखेची अट व्हेअरमध्ये टाकली तर ज्यांची ओळच नाही ते सगळे व्हेअरमध्ये गाळले जातात, लेफ्ट जॉइनचा उपयोगच राहत नाही. उजव्या टेबलाची अट ऑनमध्ये, म्हणजे जॉइनच्या अटीतच, लिहायची.

बिल फायनल करणं हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही. बिगिन, बिल टेबलात ओळ, त्या मुदतीतल्या ज्या संकलन ओळींना अजून बिल आयडी नाही त्यांना हा आयडी, कपातींना तोच, मग कमिट. मध्येच लाईट गेली तर काहीच झालेलं नसतं, अर्धं बिल कधीच होत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर? बिल टेबलात उत्पादक आणि मुदतीची सुरुवात यांवर युनिक ठेवा, दुसऱ्याला डेटाबेसच परत पाठवेल. आणि एकदा बिल झालं की संकलनातली ओळ बदलायची नाही, फरक निघाला तर पुढच्या बिलात दुरुस्ती म्हणून अधिक किंवा वजा वेगळी ओळ, कारणासकट. ॲप ज्या युजरने जोडलेलं असतं त्याला डिलीटची परवानगीच देऊ नका.

स्पीडचं टेन्शन लवकर घेऊ नका. 400 उत्पादक, दोन पाळ्या, 365 दिवस म्हणजे वर्षाला 2 लाख 92 हजार ओळी, पोस्टग्रेसला हे काहीच नाही. तरी रिपोर्ट हळू असेल तर अंदाजाने इंडेक्स टाकत बसू नका, क्वेरीपुढे एक्सप्लेन ॲनालाइझ लावा, वेळ कुठे जातो ते तो दाखवतो. वरच्या युनिकमुळे उत्पादकाने सुरू होणारा इंडेक्स तुमच्याकडे आहेच, एका माणसाचा पासबुक उतारा त्याने पटकन येतो, पण आज सकाळचं एकूण संकलन तारखेवर आहे, त्याला तारखेचा वेगळा इंडेक्स लागतो. आणि अट लिहिताना कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका, महिना काढून त्याची तुलना केली तर साधा इंडेक्स वापरला जात नाही, त्याऐवजी 1 तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या 1 तारखेच्या आधी असं लिहा. एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरंच चालवतं हे विसरू नका, अपडेट तपासायचं असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या (केलेलं सगळं मागे फिरवणं) मध्ये. हातानं कुठलंही अपडेट करतानाही तसंच, आधी बिगिन, मग किती ओळी बदलल्या तो आकडा बघा, एकाच्या जागी हजार आले तर रोलबॅक.

देखभालीत ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेस आपोआप करतो ती साफसफाई) बंद करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. पोस्टग्रेसमध्ये अपडेट झालं की जुनी ओळ तशीच पडून राहते आणि ती जागा मुख्यतः व्हॅक्यूम मोकळी करतं. एखाद्या ॲपने ट्रान्झॅक्शन उघडून तसंच सोडलं तर त्यानंतरचा कचरा व्हॅक्यूमला साफ करता येत नाही, म्हणून पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी (चालू कनेक्शनची यादी) मध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन दिसतंय का ते अधूनमधून बघत जा.

बॅकअप रोज रात्री पीजी डंप या पोस्टग्रेसच्याच प्रोग्रॅमने, कस्टम फॉरमॅटमध्ये, आणि तो त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या मशीनवर किंवा क्लाउडवर गेला पाहिजे. पीजी डंपमध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते पीजी डंपऑलने ग्लोबल्स म्हणून वेगळे काढावे लागतात. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर पीजी रिस्टोरने खरंच उघडा, संकलनातल्या ओळींची संख्या आणि मागच्या बिलाची एकूण रक्कम तिथे काढा आणि ऑफिसमधल्या छापील बिलाशी ताडून बघा.