जुन्या शहरांचे नकाशे छापून भिंतीवर लावताय? या चुका टाळा

महिन्यातून तीन-चारदा तरी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एखादं चित्र पाठवतं आणि विचारतं, "याचा चार फुटी प्रिंट काढून फ्रेम करून द्याल का?" चित्र बहुधा जुन्या गोव्याचं, पॅरिसचं नाहीतर व्हेनिसचं असतं. आणि मी बहुधा नाही म्हणतो. का नाही, ते दरवेळी नव्याने सांगून घसा सुकला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कुठलीही फाइल चालते असं समजणं

हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. त्यांत करडा रंग नसतोच. जी सावली दिसते ती केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींना खेटून ओढलेल्या असतात. फोटो थोडा धूसर झाला तर खपून जातो. इथे रेघा एकमेकींत मिसळल्या की डोंगराच्या जागी डाग उरतो. हिशेब सोपा आहे. २४ इंच रुंद प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ७२०० पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या दर्जात आलेली फाइल असते १६०० च्या आसपास. चार फुटांवर ताणली तर इंचाला जेमतेम ३३.

आता माझीच फजिती सांगतो. मूळच्या फोंड्याच्या एका कुटुंबाची ठाण्यात वास्तुशांत होती. त्यांच्या भाच्याला त्यांना भेट म्हणून द्यायचा होता लिन्स्कोटेनचा गोव्याचा नकाशा. हा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपकडे चिटणीस होता, आणि परत गेल्यावर १५९६ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात हा नकाशा आला. गल्ल्या, चर्च, नदीतली जहाजं, सगळ्यांवर बारीक अक्षरांत पोर्तुगीज नावं. भाच्याची फाइल तीच, १६०० वाली. मी म्हटलं, चांगली आण. तो म्हणाला, "काका, आता एआयने सगळं होतं." दुसऱ्या दिवशी दहापट मोठी फाइल हजर. स्क्रीनवर अशी लखलखीत, की लग्नसराईच्या गडबडीत मीही झूम न करता प्लॉटरला, म्हणजे मोठ्या छपाईयंत्राला, लावली.

वास्तुशांतीच्या दिवशी घरातले आजोबा भिंग घेऊन नकाशासमोर उभे राहिले. पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोर्तुगीज मी शाळेत शिकलोय. हे पोर्तुगीज नव्हे." खरंच नव्हतं. लांबून अक्षरं वाटत होती, जवळून नुसत्या अळ्या. एका चर्चला तिसरा मनोरा फुटला होता. झाडांचे फ्लॉवरचे गड्डे झाले होते. दुसरा प्रिंट मी पदरच्या पैशाने काढून दिला, आणि तेव्हापासून एआयने फुगवलेली फाइल दुकानात घेत नाही.

बरं, चांगली फाइल मिळत नाही असंही नाही. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या फाइली फुकट आहेत. अटी मात्र वाचा. नकाशा चारशे वर्षांचा असला तरी स्कॅन कसा वापरायचा ते संग्रह ठरवतो. डेव्हिड रम्झी संग्रहाच्या फाइली घरच्या भिंतीसाठी चालतात, विकायला नाही. फाइल आली की मी आधी नकाशातला सगळ्यात दाट भाग निवडून त्याची हातभर पट्टी पूर्ण आकारात छापतो आणि दारात नेऊन उन्हात बघतो. दहा मिनिटांचं काम. ते करायला कुणाला धीर नसतो.

'जुना लुक'

याचा मला खरा राग आहे. नकाशा जुना दिसावा म्हणून चहात बुडवल्यासारखा तपकिरी फिल्टर, कडा जळलेल्या, वर खोट्या सुरकुत्या. अहो, सोळाव्या शतकातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा असायचा. नीट जपलेली पानं आजही बऱ्यापैकी पांढरी आहेत. पिवळा पडून तुकडे होणारा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो रुळला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे फिल्टर मारून तुम्ही १५७२ चा नकाशा जुन्या वर्तमानपत्रासारखा करून ठेवता.

रंगाचंही तेच. छपाई फक्त काळ्या शाईची, रंग नंतर हाताने भरलेले, म्हणून एकाच पत्र्यावरच्या दोन प्रतींचे रंग जुळत नाहीत. "ओरिजिनल कलर करून द्या" म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठल्या प्रतीचा? मी स्कॅनचा रंग तसाच ठेवतो. मधली घडीची रेघही पुसत नाही. ही पानं पुस्तकात दुमडून शिवलेली असायची. कागद सुती, मॅट. चकचकीत फोटो पेपर नको.

फ्रेमच्या मापात कोंबणं

१२ बाय १८ ची तयार फ्रेम स्वस्त पडते म्हणून नकाशा ताणतात. दिशाचक्र अंड्यासारखं झालं की समजावं. नाहीतर कापतात, आणि कात्री हमखास खालच्या माणसांवर चालते. ब्राउन आणि होगेनबर्गने जर्मनीतल्या कोलोनमध्ये काढलेल्या शहरांच्या नकाशांच्या सहा खंडांत (१५७२ ते १६१७) शहरासमोर स्थानिक वेशातली माणसं उभी असतात. ब्राउनने प्रस्तावनेत त्याचं कारण दिलंय: माणसांची चित्रं तुर्कांच्या धर्माला चालत नाहीत, म्हणून ते या नकाशांचा युद्धासाठी उपयोग करणार नाहीत! ती माणसं कापून काय मिळवलंत? याच खंडांत गोवा, दीव आणि मोरोक्कोची दोन गावं एकाच पानावर आहेत. त्यातला गोवा तेवढा काढून चार फूट करायचा हट्टही सोडा.

लॅमिनेशन, डबल टेप आणि काच

लॅमिनेशन नको. डबल टेप नको. प्रिंट काचेला टेकवू नका. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तो काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते. मध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) घाला, प्रिंट फक्त वरच्या कडेला कागदी बिजागरीने अडकवा.

प्रमाण

नकाशा मोठा केला की "एक इंच म्हणजे इतके मैल" हे वाक्य खोटं होतं. नकाशावर आखलेली मापाची पट्टी खरी राहते.

वरची दिशा उत्तरच असते असं नाही

पॅरिसचा १७३९ चा तुर्गो नकाशा, वीस पानांचा, जोडला तर अडीच मीटर बाय सव्वातीन मीटर. त्यात वरच्या बाजूला आग्नेय आहे. एका गिऱ्हाइकाने तो "उलटा छापलाय" म्हणून परत आणला. मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून बघितलं होतं म्हणे. मी नकाशावर छापलेलं नाव वाचायला सांगितलं. उलटा असता तर अक्षरंही उलटी नसती का? त्याने वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "बरं, मग फिरवून उत्तर वर करून देता येईल का?"