दोरातील ताणाची दिशा कशी ठरवावी

मार्च लागला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि अरुंद जिन्यातून न मावणारा कूलर दोर बांधून, गच्चीवरच्या आडव्या पाइपला टांगलेल्या कप्पीवरून अंगणातून वर ओढला जातो. ताण म्हणजे दोर वस्तूला ज्या बलाने ओढतो ते बल; त्याची दिशा समजून घ्यायला हे उदाहरण मला पुस्तकातल्या ठोकळ्यांपेक्षा बरे वाटते.

सर्वप्रथम ज्या वस्तूवरचा ताण शोधायचा आहे ती एकच वस्तू निवडावी आणि कागदावर तिचे एकटीचे चित्र काढावे. बाकीचे सगळे, ओढणारा माणूससुद्धा, वगळावे. नंतर दोर जिथे बांधला आहे तिथून बाण काढावा. तो दोराच्या रेषेतच असावा आणि वस्तूपासून दूर जाणारा असावा. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे बाण वस्तूत शिरताना दिसला तर चित्र चुकले असे खुशाल समजावे.

कूलर निवडला तर दोर वर जातो, म्हणून ताण वर. ओढणाऱ्याचा हात निवडला तरी दोर हातापासून वरच जातो, तेव्हा तिथेही ताण वर. ‘मी तर खाली ओढतोय, मग बाण वर कसा?’ असा प्रश्न इथे हमखास येतो. पण खाली आहे ते हाताने दोराला लावलेले बल, आणि आपण शोधतो आहोत ते दोराने हाताला लावलेले. कप्पी निवडली की मात्र तिच्या दोन्ही बाजूंनी दोर खाली उतरतो, म्हणून दोन्ही बाण खाली.

दोर वजनरहित आणि कप्पी घर्षणरहित मानली तर ताण सगळीकडे सारखाच. ३० किलोचा कूलर एकसारख्या वेगाने चढत असेल, तर ताण त्याच्या वजनाइतकाच, सुमारे २९४ न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक) आणि पाइपवरचा भार ताणाच्या दुप्पट, ५८८ न्यूटन. पाइप गंजलेला असेल तर हा हिशेब कूलर बांधण्याआधी करावा.

तोच कूलर एका कडीतून निघालेल्या दोन तिरप्या दोरांनी टांगला, तर प्रत्येक बाण आपापल्या दोराबरोबर तिरपा जातो. त्यांचे आडवे घटक, म्हणजे बलाचे आडव्या दिशेतले भाग, एकमेकांना रद्द करतात आणि उभे घटक मिळून वजन पेलतात. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकात २९४ न्यूटन ताण येतो, १० अंशांवर तो सुमारे ८४७ न्यूटनांवर जातो. दोर अगदी आडवा झाला तर ताणाला उभा घटकच उरत नाही. म्हणूनच कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळून बांधली, तरी ओल्या चादरीखाली ती थोडी झुकतेच.