मन शांत होत नाही? ध्यानाला बसताना या चुका टाळा

रविवारी विहारात वंदना आटोपली की कुणी ना कुणी म्हणतंच, "दहा मिनिटं बसले, पण मन एका जागी ठरत नाही. आपल्याला नाही जमायचं हे." खरं तर मन भरकटणं ही चूकच नाही. आनापानात आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास फक्त जाणायचा असतो. मन दुसरीकडे गेलं हे कळलं, तिथेच तुम्ही जागे झालात. चूक होते ती त्यानंतर. आपण स्वतःवर चिडतो, दात आवळतो, श्वास मुद्दाम ओढायला लागतो.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. पाळी सुरू करण्याआधी ताण्यावर तळवा सपाट टेकवून हलकेच दाबून बघायचे. ताण जास्त झाला की धागे तटातट तुटायचे, सैल राहिला की एकमेकांत गुंतायचे. पुढे मी सोण भिक्खूची गोष्ट ऐकली. राजगृहाजवळच्या शीतवनात चालून चालून त्याचे तळपाय रक्ताळले, तरी मन मोकळं होईना, म्हणून तो घरी परतायचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा छान वाजवायचा. बुद्धांनी त्याला एवढंच विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजायची का? आणि फार सैल सोडल्या तर? ऐकताना मला वडिलांचा तो तळवा आठवला.

तर बसल्यावर आधी स्वतःचा ताण बघा. खांदे कानाकडे चढलेत का, जबडा घट्ट आहे का, मुठी आवळल्यात का? सोडा. श्वास आपसूक येतो, तो आणावा लागत नाही. उलट पेंग येत असेल तर डोळे उघडा, तोंडावर पाणी मारा, उठून चार पावलं चाला. आळस आणि सुस्ती, म्हणजे थीनमिद्ध, हे पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, एक आहे. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अशात दुपारी जेवून बसलात तर झोपच लागणार. पहाटेच बसा.

दुसरी चूक म्हणजे निवांतपणाची वाट बघणं. मुलांच्या परीक्षा होऊ देत, माग बंद होऊ देत, मग बसू. पण बाहेरचा गोंधळ थांबला तरी मनातला चालूच राहतो. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या दिवशी शेजारच्यांनी नळाला थेट मोटर लावली आणि आमची धार करंगळीएवढी झाली. पाणी कमी आलं ते तासभर. मी मात्र रात्रीपर्यंत मनातल्या मनात भांडत होते. सल्ल सुत्तात बुद्ध दोन बाणांबद्दल सांगतात. पहिला बाण दुखण्याचा, तो लागतोच. दुसरा आपणच आपल्याला मारून घेतो. त्या दिवशी माझा दुसरा बाण दिवसभर रुतून होता.

पण म्हणून गप्प बसायचं, असं मुळीच नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन शेजारच्या काकूंशी बोलले, आवाज न चढवता. अन्याय निमूट सोसण्याला कित्येक जण उपेक्षा म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. धम्मात उपेक्षा म्हणजे समतोल मन. बेफिकिरी वरून तिच्यासारखी दिसते, एवढंच. आणि ज्या बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंना धम्म दिला, ते आयुष्यभर लढले.

शील वगळून नुसतं ध्यान करणं ही चूक तर फार जण करतात. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, असं सकाळी म्हणायचं, दुपारी उधारीबद्दल खोटं बोलायचं आणि संध्याकाळी डोळे मिटले की तेच खोटं समोर उभं राहतं. त्यावर श्वासाचं कुठलंही तंत्र चालत नाही, आधी जाऊन खरं सांगावं लागतं. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्यांची अडचण वेगळी. तिथे मौन होतं, घरी कुकरच्या शिट्ट्या आहेत, आणि रोजचं बसणं आठवड्यात सुटतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर ध्यानावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर उद्या पाण्याचा दिवस आहे का बघा. मोबाईल घरात ठेवा आणि पहिला हंडा भरेपर्यंत नळापाशी उभ्या उभ्या श्वास बघा.