ज्येष्ठ नागरिक संघात हयातीच्या दाखल्याचं शिबिर कसं घ्यावं

ज्येष्ठ नागरिक संघाने वर्षभरात सेवेचं एकच काम नीट करायचं ठरवलं, तर ते हयातीच्या दाखल्याचं करावं. सहली, कोजागरी, वाढदिवस हे सगळं हवंच, त्यामुळेच तर माणसं संघात येतात आणि टिकतात. पण पेन्शनर हयात असल्याचा हा दरवर्षीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते. आणि थांबते ती बहुधा अशाच माणसाची, ज्याला बँकेपर्यंत घेऊन जाणारं घरात कुणी नसतं.

‘ॲप टाका, चेहरा दाखवा, पाच मिनिटांत दाखला’ असं सांगणारे ‘जीवन प्रमाण’ ॲपचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. चेहऱ्याचं काम खरंच पाच मिनिटांचं आहे. पेन्शन अडकते ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून इथे मी चेहऱ्यावर कमी आणि बाकीच्यावर जास्त लिहिणार आहे.

माणसं निवडा

चार-पाच कार्यकर्ते पुरतात. बँकेतून, पोस्टातून, शाळेतून किंवा लेखा विभागातून निवृत्त झालेले शोधा. फोन वापरण्यातली हुशारी पंधरा दिवसांत शिकवता येते, कागद वाचायची सवय शिकवता येत नाही. कॉलेजची मुलं मदतीला आली तर आनंदाने घ्या, पण फॉर्म त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नका. त्यांची बोटं भराभर चालतात, पण स्वतःची पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांतला फरक त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. प्रत्येक फोनला दोघं बसवा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने भरायचं.

सप्टेंबरात यादी करा

नोव्हेंबरात सुरुवात करणाऱ्या संघाचं शिबिर गर्दीतच संपतं. यादी सप्टेंबरात करा, आणि ती नावांच्या क्रमाने न करता पेन्शनच्या प्रकाराने करा, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी, म्हणजे रेल्वे, पोस्ट वगैरेंसाठी, नोव्हेंबर महिना असतो, आणि ज्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. १ ऑक्टोबर हाच जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी बहुतेक संघ ऐंशीच्या वरच्या सभासदांचा सत्कार करतात. त्यांना रिक्षाने आणलेलंच असतं, तेव्हा शाल-श्रीफळ देण्याआधी शेजारच्या खोलीत त्यांचे दाखले काढून घ्या.

ईपीएस-९५ म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेची पेन्शन योजना. तिच्यातल्यांचं गणित निराळं आहे. एसटी, साखर कारखाने, खासगी कंपन्या इथून निवृत्त झालेली ही माणसं वर्षात कधीही दाखला देऊ शकतात आणि तो त्या तारखेपासून एक वर्ष चालतो. म्हणजे मागचा दाखला जूनमध्ये काढला असेल, तर पुढच्या जूनमध्ये तो संपतो. नोव्हेंबरची वाट बघत बसलं की पेन्शन जुलैतच बंद. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे, आणि त्याच हजारावर औषधं भागवणारे सभासद प्रत्येक संघात असतात. माझ्या मते शिबिरातला पहिला मान त्यांचा. त्यांची यादी वेगळ्या वहीत, महिन्यानुसार ठेवा.

राज्य शासनाच्या पेन्शनरांना मी ॲपकडे वळवत नाही. नोव्हेंबरात कोषागाराची यादी त्यांच्या बँकेत येते, नावासमोर सही केली की काम होतं. त्यांना लागते ती फक्त बँकेपर्यंतची सोबत. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेच्या लाभार्थ्यांचं काम तहसील कार्यालयाकडून चालतं, ते या शिबिरात मिसळू नका.

चिठ्ठी: इथेच खरी कसोटी आहे

आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं ते या टप्प्याने. ॲपमधल्या फॉर्ममध्ये तीन गोष्टी विचारतात: पेन्शन मंजूर कुणी केली, पेन्शन देतं कोण, आणि कुठल्या शाखेतून किंवा कार्यालयातून. यादीतून पर्याय निवडायचा असतो. कुठल्याही आजोबांना विचारा, तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच मिळेल: ‘आमची स्टेट बँक.’ त्यांचं चुकत नाही. त्यांना पैसे बँकेतूनच मिळतात, त्यामागचं कार्यालय त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

पण दाखला नेमका त्याच निवडीवरून पुढे जातो. ईपीएस-९५ ची पेन्शन मंजूर करणारी आणि देणारी संस्था भविष्य निर्वाह निधी संघटना आहे, बँक ही नुसती पैसे जमा होण्याची जागा. रेल्वेवाल्यांची पेन्शन रेल्वेने मंजूर केलेली असते आणि ती देण्याचं काम सहसा बँक करते, म्हणून तिथे बँक निवडणं बरोबर. आमच्या सातारा भागात माजी सैनिक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीत गेली आहे त्यांनी स्पर्शच निवडायचं. जुन्या सवयीने बँक निवडली की दाखला बँकेच्या नावाने निघतो आणि संरक्षण पेन्शनच्या प्रयागराजच्या कार्यालयात तो माणूस दाखला न दिलेलाच राहतो.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ॲप तुम्हाला अडवत नाही. चुकीची संस्था निवडा, पीपीओ क्रमांकातला, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या क्रमांकातला, एक आकडा चुकवा, तरी चेहरा जुळला की प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, मिळतो आणि मेसेजही येतो. माणूस समाधानाने चहा पिऊन घरी जातो. प्रमाण आयडीचा अर्थ एवढाच की आधारवरचा माणूस हाच आहे. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो दाखला स्वीकारला की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. माहिती जुळली नाही तर ते कार्यालय तो नाकारतं आणि दाखला नव्याने काढावा लागतो. ‘मेसेज आला, झालं काम’ असं सांगणाऱ्या कार्यकर्त्याला मी पुन्हा फोनजवळ बसू देत नाही.

याला उपाय एकच. शिबिराच्या आधी कार्यकर्त्याने सभासदाच्या घरी जाऊन, कागद समोर ठेवून, एक चिठ्ठी भरायची. आधारवर जसं आहे तसंच नाव, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारी संस्था, देणारी संस्था, पीपीओ क्रमांक, पेन्शन जमा होणारं खातं. सगळं कागदावरून उतरवायचं, तोंडी काही घ्यायचं नाही. मागच्या वर्षी स्वीकारला गेलेला दाखला घरात असेल तर त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक नाही, त्यावर हे सगळं छापलेलं असतं. पीपीओचा मूळ कागद सापडत नसेल तर पासबुकाचं पहिलं पान बघा, अनेक बँका तो क्रमांक तिथे छापतात.

चिठ्ठी भरताना एक प्रश्न न विसरता विचारा: ‘काकू, पेन्शन एकच आहे की दोन?’ स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि यजमानांची रेल्वेची कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बाईंचे दोन पीपीओ असतात. दोन्हींची हयात वेगवेगळी द्यावी लागते. एकाचं काम झालं की दुसरं हमखास राहतं, कारण काकूंच्या लेखी दाखला काढून झालेला असतो. कुटुंब पेन्शनमध्ये आधार काकूंचं आणि पेन्शन खातंही त्यांच्याच नावाचं लागतं. काकांच्या नावाचं जुनं पासबुक कपाटातून पुढे आलं तर ते बाजूला ठेवा.

फॉर्ममध्ये पुन्हा नोकरी केली का आणि पुनर्विवाह झाला का, असेही दोन प्रश्न असतात. उत्तर ‘हो’ असेल तर हा डिजिटल दाखला त्यांच्यासाठी नाही, त्यांनी पेन्शन कार्यालयात किंवा बँकेत कागदी दाखला द्यायचा. हे प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारू नका. म्हणूनही चिठ्ठी घरीच भरायची.

भरलेली चिठ्ठी सभासदाकडेच ठेवा. संघाच्या कपाटात आधारच्या झेरॉक्स साठवणं, पासबुकाचे फोटो संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणं हे पूर्ण बंद करा. हयातीच्या दाखल्याचं निमित्त करून ओटीपी विचारणारे फोन याच दिवसांत येतात. प्रत्येक सभासदाला एवढं पाठ करून द्या: संघ फोनवर ओटीपी कधीच मागत नाही. ओटीपी समोर बसूनच, आपल्या फोनवर बघून सांगायचा.

आधारचा फोटो तपासा

पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत काढलेला फोटोच अजून बऱ्याच जणांच्या कार्डावर आहे. तेव्हाचे साठीचे गृहस्थ आता पंचाहत्तरीचे आहेत, दात गेले, गाल बसले. फोटो आणि माणूस यांच्यात फारच फरक दिसत असेल तर सप्टेंबरातच आधार केंद्रात नेऊन फोटो नवा करून घ्या.

शिबिराचा दिवस

अंगठ्याचं यंत्र आणू नका. डिजिटल दाखल्याची सुरुवात २०१४ च्या नोव्हेंबरात बोटांच्या ठशांवर किंवा डोळ्यांच्या बुबुळांवर झाली, पण धुणीभांडी आणि शेतात राबलेल्या बोटांवर रेषा उरलेल्याच नसतात. दहा वेळा अंगठा पुसायला लावून त्या आजींना ओशाळं करण्यात काय अर्थ आहे? २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला निघतो, तेवढंच करा.

चांगल्या कॅमेऱ्याचे दोन अँड्रॉइड फोन घ्या. त्यांत ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप अधिकृत प्ले स्टोअरमधूनच आदल्या दिवशी टाका. फोन चालवणाऱ्या कार्यकर्त्याची स्वतःची ओळख आधार आणि चेहऱ्याने एकदा नोंदवावी लागते, तीही आदल्या दिवशीच उरका. मग त्याच फोनवर एकामागून एक सभासद होत जातात.

वेळ सकाळी दहा ते बाराची ठेवा. खुर्ची खिडकीकडे तोंड करून, पाठीमागे कोरी भिंत. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो आणि मग सगळे ॲपला दोष देत बसतात. चष्मा काढायचा, टोपी-मफलर काढायचं, डोक्यावरचा पदर कपाळावरून मागे घ्यायचा. फोन सभासदाच्या हातात देऊ नका, हात थरथरतो. कार्यकर्त्याने मागच्या कॅमेऱ्याने, डोळ्यांच्या रेषेत धरायचा. पापणी मिटून उघडायला सांगतात तेव्हा पुष्कळजण डोळे घट्ट मिटून घेतात किंवा भराभर पिटपिटवतात. ‘सावकाश मिटा, आता उघडा’ असं एकानेच शांतपणे सांगायचं. चारजण चार बाजूंनी सूचना देऊ लागले की माणूस बावरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर त्या दिवशी आग्रह करू नका, पुढच्या आठवड्यात बोलवा.

सभासदाचा मोबाईल सोबत हवा, ओटीपीसाठी. सुनेच्या किंवा मुलाच्या फोनवर मेसेज जाणार असेल तर त्यांना आधी कळवून ठेवा.

चहा सगळ्यांना.

घरी जाऊन

अंथरुणावर असलेल्यांकडे दोघांनी मिळून जायचं, एकट्या राहणाऱ्या बाईंकडे जाताना त्यांतली एक स्त्री कार्यकर्ती हवीच. रुग्णाला उशीच्या आधाराने थोडं बसतं करा, चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा धरा. दोन प्रयत्नांत झालं नाही तर थांबा. पोस्टाच्या पेमेंट बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन हे काम करून देतो, त्याचं शुल्क सहसा ७० रुपये असतं. त्याला बोलवणं हा संघाचा पराभव नव्हे. आणि दाखला काढून लगेच उठू नका. त्या घरात महिनाभरात दुसरं कुणी आलेलं नसतं, अर्धा तास बसा.

दाखला निघाल्यानंतर

प्रमाण आयडी चिठ्ठीच्या मागे लिहून द्या आणि जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावरून दाखल्याची छापील प्रत काढून सभासदाच्या हातात द्या. आठवड्याने चौकशी करायची. ईपीएस-९५ वाल्यांची नोंद भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पेन्शनर पोर्टलवर दिसते, बाकीच्यांची बँकेत किंवा पेन्शन कार्यालयात विचारायची. ही चौकशी कुणी करायची ते शिबिराच्या दिवशीच नावानिशी ठरवा, नाहीतर ती होत नाही. नाकारलेला दाखला नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत लक्षात आला तर दुरुस्त करून पुन्हा काढायला वेळ मिळतो. म्हणून शिबिर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. शेवटच्या आठवड्यातलं शिबिर मला मान्यच नाही.

केंद्राच्या पेन्शनरांना डिसेंबरअखेर पासबुक भरून आणायला सांगा. कुणाची पेन्शन जमा झाली नसेल तर त्यांना एकटं पाठवू नका. कार्यकर्त्याने सोबत जायचं, दाखल्याची प्रत दाखवायची, आणि अडचण लगेच सुटत नसेल तर तिथल्या तिथे कागदी दाखल्यावर सही करून त्याची पोच घ्यायची. दाखला लागला की थकलेली रक्कम मिळते, हे त्यांना बँकेच्या पायरीवरच सांगा, घाबरलेल्या माणसाला ते घरी पोचेपर्यंत वाट बघायला लावू नका.