घरातल्या रेल्वेसाठी वळणाचं माप कसं ठरवावं

मॉडेल रेल्वेचे रूळ विकत आणण्याआधी आपल्या गाडीतलं सगळ्यात लांब वाहन मोजा. बहुतेक वेळा ते इंजिन नसतं, डबा असतो. १:८७ म्हणजे एचओ स्केलमध्ये (खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) डब्ल्यूडीएम-३ए हे डिझेल इंजिन साधारण २० सेंटीमीटर भरतं, जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा साडेचोवीस आणि नव्या पद्धतीचा एलएचबी सत्तावीसच्या आसपास. मिरजेला रोज दिसणारी कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस घरात धावती करायची असेल, तर वळण डब्याच्या मापानं ठरवावं लागतं.

आता त्या लांबीला ३ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे वळणाची कमीत कमी त्रिज्या, आणि ती दोन रुळांच्या मधोमध मोजायची. आयसीएफ डब्यासाठी ती ७३५ मिलिमीटर येते, म्हणजे जवळजवळ २९ इंच. नवशिक्यांसाठीच्या अनेक संचांत १८ इंच त्रिज्येची वळणं असतात. त्यावर छोटं डिझेल इंजिन आणि मालगाडीचे आखूड डबे मजेत फिरतात. लांब डब्याचं टोक मात्र वळणावर इतकं बाहेर फेकलं जातं, की त्याचं कपलिंग (डबे जोडणारा आकडा) शेजारच्या डब्याला आडवं ओढतं आणि चाकं रुळावरून उतरतात. गाडी वळणाच्या बाहेरून बघताना देखणी दिसावी असं वाटत असेल, तर तिपटीऐवजी चौपट धरा.

वाफेच्या इंजिनाचं गणित वेगळं. तिथे एकूण लांबीपेक्षा पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या चाकामधलं अंतर महत्त्वाचं, कारण डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्यासारखी ती चाकं वळत नाहीत. खोक्यावर छापलेली किमान त्रिज्या ही शेवटची मर्यादा समजा आणि शक्यतो तिच्या वरच राहा.

मग जागा मोजा. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर पूर्ण गोल फिरवायचा तर २२ इंची वळण कसंबसं बसतं. २४ इंचीचे रूळ कडेबाहेर जातात. म्हणजे एवढ्या जागेत एचओमधली लांब एक्सप्रेस विसरा. १:१६० च्या एन स्केलमध्ये तोच आयसीएफ डबा १३ सेंटीमीटरचा होतो आणि ४०० मिलिमीटरचं वळण त्याला पुरतं.

मला विचाराल तर आपल्या भागातल्या माणसानं नॅरो गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) कमी असलेल्या रेल्वेचा, विचार जरूर करावा. भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, त्रिज्या १७५ मीटर. १:८७ ला ती २ मीटर येते, आणि एवढं वळण घरात कुणाकडेच मावत नाही. नॅरो गेजला ४० अंशांपर्यंत, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येपर्यंत मुभा होती; तिचं माप येतं जेमतेम अर्धा मीटर. पूर्वी कुर्डुवाडी-पंढरपूरहून मिरजेला येणारी बार्शी लाइट रेल्वे अशीच होती, अडीच फुटी गेजची. १:८७ मध्ये तिला एन स्केलचा ९ मिलिमीटर गेजचा रूळ चालतो. छोट्या प्लायवर खऱ्या प्रमाणातलं वळण हवं असेल, तर याहून चांगली निवड मला दिसत नाही.

वळण आखताना दोरा वापरू नका, तो ताणला जातो. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा ठोका, त्रिज्येइतक्या अंतरावर भोक पाडून त्यात पेन्सिल घाला आणि फिरवा. डावं वळण संपून लगेच उजवं सुरू होत असेल, तर मध्ये सर्वात लांब डब्याइतका सरळ तुकडा हवाच. गाड्या घसरतात त्या बहुधा इथेच. शेजारून दुसरी लाइन जात असेल, तर वळणावर दोन लाइनमधलं अंतर वाढवा. डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकतो, म्हणून फलाट आणि सिग्नलही थोडे लांब ठेवा.

रूळ आधी नुसते मांडा. दोन लांबच लांब डबे जोडून हातानं फिरवा, मग इंजिन लावून गाडी उलटी ढकलत न्या. ढकलताना सगळी चाकं रुळावर राहिली, तरच खिळे ठोका.